सुटलेली ओळ

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी ग्रंथपाल. अनुदान येतं, पण उशिरा. त्यातून माझं मानधन आणि वीजबिल भागलं की नव्या पुस्तकांना फारसं काही राहत नाही. एका सरकारी बैठकीत आम्हाला सांगितलं गेलं, वाचनालय आधुनिक करा. संगणकाची ऐपत नव्हती. मग मी घरातला जुना मोबाइल आणला, मागच्या खोलीत दोन कपाटांमध्ये गोधडी टांगली आणि पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायला लागलो. सुरुवात एका निवृत्त मास्तरांच्या कादंबरीपासून केली. त्यांनी आनंदानं परवानगी दिली. विहीर खोदणाऱ्या माणसांची ती गोष्ट. शेजारी पिठाची गिरणी होती. तिची घरघर आवाजात मिसळायची, म्हणून लाइट गेली की मी वाचायला बसायचो.

महिनाभर ते ऐकायला कुणी फिरकलं नाही. समितीतले एक सदस्य हसून म्हणाले, "सर, गोधडी तरी काढा आता."

मग एका दुपारी दारात एक मावशी उभी राहिली. साठीची, मेंढरं राखणारी. चप्पल बाहेर काढून म्हणाली, "इथं पुस्तक ऐकायला भेटतं म्हणे? मला वाचता येत न्हाई."

तिच्या बटनाच्या मोबाइलमधलं मेमरी कार्ड घेऊन मी त्यात कादंबरी भरून दिली. पंधरा दिवसांनी ती परत आली.

"दुसरं भरून द्या."

"झालं ऐकून? सगळं?" माझ्या आवाजात शंका होती. ती तिला कळलीच असणार.

ती बाकावर टेकली आणि पहिल्या वाक्यापासून बोलायला लागली. मला वाटलं, गोष्टीचा सारांश सांगतेय. पण शब्द ओळखीचे होते. मी कपाटातून कादंबरी काढली आणि तिच्या बोलण्याबरोबर ओळींवरून बोट फिरवू लागलो. एक पान झालं, दुसरं झालं. कुठं अडखळणं नाही. खोदणाऱ्यांना खडक लागतो तिथं तिचा आवाज आपोआप जड झाला. वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या दोघा-तिघांनी पेपर खाली ठेवले.

सहाव्या पानावर माझं बोट थांबलं. "मावशी, इथं एक ओळ राहिली तुमची."

"न्हाई राहिली," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या मोबाइलात बराबर असंच हाय."

मी जुना मोबाइल काढून तो भाग लावला. माझाच आवाज. त्या जागी मी एक ओळ गाळून सरळ पुढच्या ओळीवर गेलो होतो. ती ओळ माझ्या गावीही नव्हती.

"मला बी वाटलं होतं," ती म्हणाली, "तिथं कायतरी सुटलंय. माणूस खाली उतरल्याबिगर वरून हाक कशी मारतील त्याला?"

गाळलेली ओळ नेमकी तीच होती: तो दोर धरून खाली उतरला. मी ती तिला मोठ्यानं वाचून दाखवली. हजारो पुस्तकं मी हाताळली होती. इतकं मन लावून कुणी पुस्तकात शिरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यात मीही आलो.

त्या दिवशी ती सभासद झाली. आता नवं रेकॉर्डिंग आधी तिच्याकडे जातं. ती ऐकते, येऊन सांगते, "इथं घाई केली तुम्ही," आणि मी तेवढा भाग पुन्हा वाचतो. गोधडी काढायचं नाव आता कुणी काढत नाही.

यंदा ती मेंढरं घेऊन अंकुशनगरकडं गेली, ऊस तुटलेल्या रानांत चारायला. मी कामानिमित्त तिकडं गेलो, तेव्हा तिच्यासाठी नवं कार्ड सोबत घेतलं. दुपारची वेळ. बाभळीखाली ऊसतोडीच्या बाया भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या आणि मधे ती. मोबाइल नव्हता, पुस्तक नव्हतं. ती विहिरीची गोष्ट सांगत होती, शब्दाला शब्द. सुटलेली ओळ तिनं जागच्या जागी घातली होती.

मी कार्ड खिशातच ठेवून मागं बसलो. ती पाणी प्यायला थांबली, तेव्हा एक बाई हातातला घास तसाच धरून म्हणाली, "मंग? वर आला का त्यो?"