एका बाहीचा स्वेटर

सुरतेत लोकरीचा स्वेटर विणत बसलेली बाई एक तर वेडी असते, नाहीतर तिच्या घरचं कुणीतरी एसीत पडलेलं असतं. मी दोन्हींत बसत होते.

आमच्या मास्तरांच्या किडन्या गेल्या. (मास्तर म्हणजे माझे यजमान. जन्मभर शाळेत शिकवलं मी, आणि मला लोक नुसतं ‘बाई’ म्हणतात. हे लिंबायतच्या ट्विस्टिंग खात्यात धाग्याला पीळ देणारी मशीनं सांभाळायचे, तर हे ‘मास्तर’! असो.) मग डायलिसिस सुरू झालं. बाहेर सुरतेचा उन्हाळा, अंगाचं नुसतं पाणी पाणी, आणि आत त्या हॉलमध्ये एसी असा, की मास्तरांचे दात वाजायचे. त्यात ह्या दुखण्याची खाज. पाठभर नखांचे ओरखडे! दवाखान्याचं ब्लँकेट जरा अंगाला लागलं की मास्तर कळवळायचे. म्हणजे ऊब तर हवी, पण अंगाला टोचता काही कामा नये. चार तास तसेच कुडकुडत पडायचे बिचारे. न्यायला आत गेले की मला बघवायचं नाही.

“मी स्वेटर विणते,” मी एक दिवस जाहीर केलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. “तुले येस का?”

“येतं की! चित्राच्या वेळी टोपडं नव्हतं का विणलं?”

“ते तिनी घालं का कधी?”

(नव्हतं घातलं. डोकं आत जाईना.)

पहिली लोकर मी भागळच्या बाजारातून आणली. दुकानदार म्हणाला, “बेन, एकदम पोचुं छे!” मी बोटांनी चाचपली. खरंच मऊ लागली. घरी येऊन मास्तरांच्या हातात दिली, त्यांनाही मऊ लागली. मग त्यांनी तीच मानेवरून फिरवली आणि तोंड वाकडं केलं. “टोचस.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी बोटं भांडी घासून निबर झालेली, त्यांची मशीनवर. असल्या बोटांना घोंगडंसुद्धा मऊ लागायचं! लोकर पारखायची ती मानेनं, कानाखालच्या कातडीनं. झालं, त्या दिवसापासून मी दुकानादुकानांत लोकरीचे गुंडे मानेला लावून, डोळे मिटून उभी राहायला लागले. एका दुकानदाराने माझ्यासाठी पाणी मागवलं. दुसऱ्याने बायकोला बोलावून घेतलं.

शेवटी बंगळूरहून चित्राचा, आमच्या लेकीचा, फोन आला. “आई, साध्या लोकरीला खवले असतात, ते टोचतात. तू अल्पाका घे. त्याचे केस बारीक आणि गुळगुळीत असतात. आणि त्यातही बेबी अल्पाका.” सोबत तिने त्या प्राण्याचा फोटो पाठवला. लांब मान, डोक्यावर झिपऱ्या, आणि चेहरा असा की नुकतंच कुणीतरी याचा अपमान केला आहे.

मास्तरांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. “हाऊ उंट शे का बकरी?”

“अल्पाका आहे. आणि तुम्हाला बेबी अल्पाकाचा स्वेटर करायचाय.”

“लेकराना केस कापीसन माले स्वेटर? नको वं, पाप लागी!”

चित्राने फोनवरून खुलासा केला, की बाबा, बेबी म्हणजे पिल्लू नव्हे, सगळ्यात बारीक केसांच्या लोकरीला तसं म्हणतात. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मग आम्ही दोघं रिक्षाने एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने छातीवर हात ठेवून सांगितलं, की हा शंभर टक्के अल्पाका. मास्तरांनी लोकरीचा एक तुकडा तोडला, खिशातून काडेपेटी काढली आणि पेटवला. दुकानात! छतापर्यंत लोकर रचलेली, आणि मधोमध आमचे मास्तर मशाल धरून!

“अरे काका, आग लागशे!”

“लागू दे,” मास्तर शांतपणे म्हणाले. जळलेला तुकडा त्यांनी दुकानदारापुढे धरला. टोकाला काळी, कडक गोळी जमली होती. “केस जळाला की राख होते, शेठ. गोळी होते ती तुमच्या ॲक्रिलिकची.” आम्हाला फार सन्मानाने बाहेर काढण्यात आलं.

मग चित्रानेच अस्सल लोकर मागवून पाठवली. दुधाच्या सायीच्या रंगाची. मी उघडून मानेला लावली आणि तिथेच खाली बसले. काही लागतच नव्हतं हो मानेला! परीक्षा म्हणून एक लड मास्तरांच्या सदऱ्याच्या आत, गळ्याशी खोचून ठेवली. एरवी दुपारभर खाजवत बसणारा माणूस तशातच झोपून गेला, चांगला घोरायला लागला. मी शेजारी बसून राहिले. कितीतरी महिन्यांनी त्यांना असं गाढ झोपलेलं पाहत होते. डोळे भरून आले माझे. वाटलं, आता माझा माणूस थंडीत पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले, तर घरात मास्तर नाहीत आणि लोकरही नाही.

जिना उतरताना धाप लागणारा माणूस, फोन टेबलावर ठेवून गेलेला! मी गल्लीभर विचारत फिरले. कोपऱ्यावरचा रिक्षावाला म्हणाला, मास्तर त्यांच्या जुन्या खात्याकडे गेले. मी दारात वाट बघत बसले. काय काय बोलायचं ते मनाशी ठरवून ठेवलं होतं.

संध्याकाळी रिक्षा थांबली. मास्तर उतरले ते नव्या नवऱ्यासारखे! हातात पिशवी, आणि चेहऱ्यावर असं तेज, की मी ठरवलेलं सगळं विसरले.

“सगळे पोरं उठून उभे राहिले, बरं का. खुर्ची दिली. चहा दिला.”

“चहा? तुम्हाला पाणी मोजून प्यायला सांगितलंय ना?”

“अर्धाच पिला.” त्यांनी पिशवीतून लोकर काढून माझ्या मांडीवर ठेवली. “चित्रानी पैसा वाया घालवला होता. ह्या धाग्याला पीळच नव्हता, ओढला की सुटायचा. मी पीळ दी उनू. वाफ बी दिधी, आता जन्मात उलगडायचा नाही. तोडी दखाड बरं!”

मी ओढून पाहिला. तुटला नाही. त्या धाग्याला म्हैस बांधली असती तरी तुटला नसता!

आता तुम्हीच सांगा. लोकर मऊ लागते ती सैल पिळाची असते म्हणून; पीळ वाढला की तीच सुतळीसारखी टोचते. आणि ह्या माणसाने सगळा जन्म धाग्याला कडक पीळ देण्यात घालवलेला. त्यांच्या हिशोबाने ढिला धागा म्हणजे नापास धागा. वर्षभर दुखण्याने खचलेला माणूस त्या दिवशी मशीनपुढे उभा राहून काम करून आला होता, आणि समोर बसून विचारत होता, “काय म्हनस?”

“छान झालंय,” मी म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पोळ्यांचं पीठ मळलं. फार वेळ मळलं.

रात्री चित्रा फोनवर ओरडली, “आई, अगं सांग ना त्यांना!”

“तू सांग.”

मी फोन मास्तरांकडे दिला. चित्रा म्हणाली, “बाबा, एकदम मस्त!”

त्या लोकरीने मला रडवलं. सुईवरून ती वेटोळं घालून उलटी माझ्याकडेच यायची. डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचायच्या असतात, म्हणून डावी बाही नाहीच, फक्त उजवी. शेजारीण येऊन म्हणाली, “लोकर कमी पडली का हो, बाई?” त्यात जास्तीच्या पिळाने विणकाम तिरकं व्हायला लागलं. मी सरळ विणत होते, देवाशपथ! पण स्वेटर आपला उजवीकडे निघालेला. शेवटी झालं ते असं, की पुढची बटणं नाकाच्या रेषेत न येता खांद्याकडून कमरेकडे आडवी गेली.

हॉलमधली हेतल सिस्टर बघूनच हसली. “काका, आ तो वांकुं छे!”

“डिझाइन आहे,” मास्तर म्हणाले. “धागा आपल्या हातचा आहे, सिस्टर. अख्ख्या सुरतेत असा पीळ मिळणार नाही.”

आम्हा नातेवाइकांना बाहेर बाकावर बसावं लागायचं. सुटल्यावर मी दर वेळी विचारायचे, “टोचतो का?” आणि मास्तर म्हणायचे, “अजिबात नही. ऊब शे.” इतक्या वेळा म्हणाले, की माझाही विश्वास बसला. वाटलं, विणल्यावर मऊ पडत असेल. मग धुवायला बदली हवा म्हणून मी दुसरा स्वेटर धरला. चित्राकडून आणखी लोकर मागवली, आणि ती माझ्या हाताने मास्तरांकडे दिली. म्हटलं, “पीळ तेवढा द्या.” काय खूश झाले! पुन्हा रिक्षा, पुन्हा खुर्ची, पुन्हा अर्धा चहा.

त्या दुसऱ्या स्वेटरची पाठ विणून झाली होती, तेव्हा मास्तर गेले.

दिवस-वार झाल्यावर मी पहिला स्वेटर धुऊन, घडी करून दवाखान्यात नेला. म्हटलं, कुणातरी गरिबाला ऊब मिळेल. हेतल सिस्टरने तो हातात घेतला आणि परत माझ्यापुढे धरला.

“मासी, मनमां खोटुं ना लगाडशो. पण आ कोई नहीं पहेरे. काका पण न्होता पहेरता.”

“घालत नव्हते? अहो, दर खेपेला अंगात असायचा!”

मग तिने सांगितलं. मी बाहेर गेले की काका स्वेटर काढायला लावायचे आणि उशीखाली ठेवायचे. मशीन बंद व्हायची वेळ झाली की हाक मारायचे, “हेतलबेन, युनिफॉर्म!” ती घालून द्यायची, बटणं लावायची, मग दार उघडून मला आत घ्यायची.

“आणि थंडी?” मी विचारलं.

“लागती हती ने, मासी. बहु लागती हती.”

मी तिथल्या खुर्चीवर बसले. आधी हसू आलं, त्या युनिफॉर्मचं. आणि मग जे रडू आलं ते थांबेचना. हेतल बिचारी पाणी घेऊन उभी. “अहो, वाट लावलीत लोकरीची!” एवढं एकच वाक्य त्या संध्याकाळी मी बोलले असते, तर मास्तर चिडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि नव्या मऊ लोकरीत उबेनं झोपले असते. हजारो पोरांच्या वह्यांवर लाल शाईने फुल्या मारताना माझा हात कधी कचरला नाही. आणि घरच्या एका मास्तरांना मी पैकीच्या पैकी देऊन बसले, वर दुसऱ्यांदा परीक्षेलाही बसवलं!