क्लिफर्डची पाठ

क्लिफर्ड टॅपसेलची पाठ हा त्या घरातला जुना तंटा होता. माणूस टापटिपीचा, रोज दाढी, बुटांना पॉलिश. पण पाठीला साबण म्हणून लावायचा नाही. कोरड्या टॉवेलने खसाखसा पुसली की झालं. बायको इनिड चादरी धुताना कुरकुरायची, "नवरा केलाय की कोळशाचं पोतं, देव जाणे." तो नुसता हसायचा. ती गेली तेव्हाही पाठ तशीच होती.

मुलगी हिलरीला चादरींचं काही नव्हतं. तिला त्याच्या युद्धाची गोष्ट हवी होती. दर नोव्हेंबरात सैनिकांच्या स्मरणदिनी त्यांच्या वर्दिंग गावच्या युद्धस्मारकापाशी मैत्रिणींचे वडील पदकं लावून उभे राहत, आणि तिचा बाप घरी बटाटे सोलत बसे. दुसऱ्या महायुद्धात, अठराव्या वर्षी, त्याला आरमारात जायचं होतं. पण सैन्याऐवजी खाणीत कोणाला पाठवायचं याची सोडत निघायची, तीत नेमका त्याचा आकडा निघाला आणि सरकारने त्याला डरहॅमच्या कोळसाखाणीत धाडलं. ना गणवेश, ना पदक. धडधाकट पोरगा लढाईवर का नाही, असं रस्त्यातल्या बायका तोंडावर विचारत. एवढंच तिला ठाऊक, तेही आईकडून. त्याला विचारलं तर "अंधार होता गं," म्हणून तो विषय बदलायचा. लहानपणी तिला याचा राग यायचा. पुढे राग गेला, हुरहूर तेवढी उरली.

ऐंशी ओलांडल्यावर तो जिन्यावरून पडला आणि मनगट मोडून बसला. हिलरी आंघोळ घालायला येऊ लागली. पहिल्याच दिवशी ती साबण घेऊन त्याच्या पाठीमागे गेली. कण्यालगत निळ्या रेघा होत्या. जखमेत कोळसा मुरला की तो कातडीखाली निळा होऊन कायमचाच राहतो.

"पाठ सोड," तो म्हणाला.

"का ते सांग, डॅड. पाणी गार झालं तरी मी हलायची नाही."

"हट्ट अगदी आईचा घेतलास." तो पाण्याकडे बघत सांगू लागला. "अमोसच्या घरी राहायचो मी. जुना खाणकामगार. चुलीपुढे पत्र्याचा टब. आधी तो, मग मी. पहिल्या दिवशी मी नखशिखांत धुऊन निघालो. अमोस म्हणाला, 'पोराला लग्नाला जायचंय वाटतं.' दुसऱ्या दिवशी सगळी खाण हसत होती. त्यांची समजूत, पाठ धुतली की कणा कच्चा होतो."

"आणि तू ते मानलंस?"

"छे! शिकलेला ना मी. रोज धुवायचो, आणि भाकरीच्या सुट्टीत एकटाच बसायचो. मग एकदा छत करकरलं. अमोसने दंडाला धरून ओढलं, दगड पाठ खरवडून गेला. त्या संध्याकाळी मी पाठ धुतली नाही. अमोसने कोरडा टॉवेल घेतला आणि जखम सांभाळून माझी पाठ पुसून दिली. दुसऱ्या दिवशी खाली खाणीत सगळे सरकले, मला बसायला जागा केली."

हिलरी हातातला साबण तसाच धरून ऐकत होती.

"इथे परत आलो तर दाखवायला दुसरं काय होतं गं माझ्याकडे?" तो म्हणाला. "फार आठवण येते त्यांची. सगळे गेले, खाणही बुजवली. धू आता. तुझ्या आईची तेवढीच इच्छा होती. या पाठीचं विचारणारं कोण उरलंय?"

आयुष्यभर हवं होतं ते आत्ता कुठे तिला मिळालं होतं. तिने साबण खाली ठेवला, जाडाभरडा टॉवेल ओढला.

"मी आहे की विचारायला," ती म्हणाली, आणि त्याची पाठ कोरडी पुसू लागली.