आमच्याकडची कला

गेल्या शनिवारी इथं परदेशात आमच्या काँडोतली, म्हणजे सोसायटीतली, तीन मराठी कुटुंबं मिळून आम्ही पोरांना घेऊन एका संग्रहालयात वारली चित्रांच्या वर्गाला गेलो. वर्ग मुलांचा होता, उत्साह मात्र आम्हा आईबापांचा उतू चालला होता. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं आम्ही एकमेकांना सांगत होतो, "ही आपल्याकडची कला!"

शिकवणारी बाई चिनी वंशाची, पण इथलीच. तिच्या कानावर हे गेलं आणि ती खूश झाली. तिनं फळ्यावर फेर धरून नाचणारी माणसं काढली, मधोमध एक वाजवणारा काढला आणि मला विचारलं, "तुम्हीच सांगा ना, हा काय वाजवतोय?"

मी ठाण्यात तीस वर्षं काढली. वारली पाहिली ती उशीच्या अभ्र्यांवर आणि चहाच्या कपांवर. डहाणूला एकदा उतरलो होतो, तेही चिकू घ्यायला. तरी ठोकून दिलं, "सनई."

शेजारचा पुणेकर बाप गप्प कसला बसतोय! "पुंगी आहे ती," त्यानं माझी चूक सुधारली.

बाई हसलीसुद्धा नाही. "तारपा," ती म्हणाली. तो वाळलेल्या दुधीचा करतात, डहाणूजवळच्या एका पाड्यावर महिनाभर राहून तिनं ऐकलाय. आम्ही सगळ्यांनी एकदम फोनमध्ये डोकी घातली.

परतताना MRT मेट्रोमध्ये मी लेकीला म्हटलं, "दिवाळीला तुला आपली रांगोळी शिकवतो."

"नो नीड, बाबा," ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "टीचरला विचारू लाह. तिला आपलं सगळं माहितीये."