गीत : पारंपरिक

माझी शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. तरी वाचता येतं, आणि वाचलेलं पटलं नाही तर तसं सांगताही येतं. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

गेल्या गणपतीत पुतण्या मुंबईहून आला. तिकडे वेगवेगळ्या गावच्या पोरांनी मिळून जाखडीचं मंडळ काढलंय, त्यात तो गातो. आल्या आल्या पडवीत माझ्याजवळ बसला आणि मोबाईल पुढे धरला.

"काका, बघा. आमचा नाच. किती लोकांनी पाहिलाय."

मी पाहिला. ढोलकी बरी होती. पोरं गोल धरून नाचत होती, मध्ये बसून पुतण्या गात होता :

*गोड नद्या घरी येती, दर्या तरी खारा का?*
*ठाऊक नसता उत्तर, शिरी बांधिला तुरा का?*

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हे पद माझं. चिरेखाणीत जांभा कापत होतो त्या दिवसांत, कुऱ्हाडीच्या ठोक्यावर जुळवलेलं. तेव्हा चिरा हाताने कापायचा, आणि ठोका एकसारखा पडला की शब्द आपोआप रांगेत येत.

खाली काहीतरी लिहिलेलं होतं. डोळ्यांशी धरून वाचलं. ‘गीत : पारंपरिक’.

"हा कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे?"

"हा पारंपरिक. कुठल्या गावचा?"

पुतण्या हसला. त्याला वाटलं मी गंमत करतो आहे. सून आतून म्हणाली, "मामंजी, पारंपरिक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. कोणी केलं ते माहीत नसलेलं."

"कोणाला माहीत नाही? मला तर माहीत आहे. मी केलं."

पुतण्याने मोबाईल खाली ठेवला. पण त्याच्याबरोबर आलेला ढोलकीवाला मित्र होता, संगमेश्वराकडचा, तो म्हणाला, "आजोबा, आमच्या गावचे म्हातारेसुद्धा म्हणतात, आमचंच पद आहे. म्हणून तर पारंपरिक लिहिलं. भांडण नको."

मी म्हटलं, "शेवटचं कडवं म्हणा. त्यात कवीचं नाव आहे."

ते कडवं त्यांना येतच नव्हतं. कसं येईल? आमच्याकडे रीतच अशी आहे. एका गावच्या मंडळाने दुसऱ्या गावचं पद उचललं, तर शेवटचं कडवं गाळायचं. परक्या कवीचं, परक्या गुरूचं नाव आपल्या तोंडाने कशाला गाजवा? पद चांगलं असलं की ते गावोगाव फिरतं, आणि पहिल्याच उंबऱ्यावर नाव खाली ठेवून पुढे जातं. पद जेवढं चांगलं, तेवढा कवी लवकर पुसला जातो. रद्दड पदांचे कवी अजून सगळ्यांना पाठ आहेत.

मी शेवटचं कडवं म्हणून दाखवलं. ढोलकीवाला नम्रपणे म्हणाला, "छान आहे. पण आजोबा, राग मानू नका, कडवं काय, आजसुद्धा जोडता येतं."

पोरगा खोटं बोलत नव्हता. तेच जास्त लागलं.

दोन दिवस मी त्या शब्दाच्या मागे लागलो. पालीच्या रस्त्याला एका खानावळीवर पाटी आहे, ‘पारंपरिक जेवण’. कामाला गेलो होतो, मुद्दाम आत शिरलो. सोलकढी आली. मालकाला विचारलं, कोणी केली? म्हणाला, "बायकोने. का, खारट झाली?" म्हटलं, नाही, चांगली झाली, पण पाटीवर तिचं नाव का नाही? त्याने बिल पुढे सरकवलं. बरं, कढी करायची रीत जुनी, हे मला मान्य आहे. जाखडीची चालसुद्धा जुनीच, ती मी केली नाही, कोणी केली ते खरंच कोणाला माहीत नाही. तिला पारंपरिक म्हणा, मी हात जोडतो. चाल पारंपरिक, रीत पारंपरिक. पण पद कोणीतरी एकाने बसून केलेलं असतं. त्याला तहान लागलेली असते, त्याची पाठ दुखत असते. आणि तो अजून जिवंत असेल तर त्याला विचारायला काय जातं?

मग मला आठवला तो.

जाखडीतला शक्ती-तुऱ्याचा सामना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरासमोर दोन मंडळं. मी शक्तीवाला, तो तुरेवाला. मी पदातून सवाल टाकायचा, त्याने पदातून जवाब द्यायचा. आणि जवाबाचा नियम कडक : आधी समोरच्या कवीचं नाव आणि गाव घ्यायचं, मग त्याला धुवायचा. आधी नाव, मग घाव. नाव न घेता टोला मारला तर लोक थुंकत.

म्हणजे माझ्या पदातलं माझं नाव गळलं असलं, तरी याच पदाला त्याने दिलेल्या जवाबात ते पहिल्या ओळीला बसलेलं होतं. आणि तो काही माझ्या सोयीसाठी खोटं बोलणारा माणूस नव्हे. सामने संपल्यापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

तो हेदवीकडे राहतो. जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडून गेलो. अंगणात सुपाऱ्या निवडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "या शाहीर. अजून आहात?"

"तुला पोचवल्याशिवाय जात नाही."

त्याच्या बायकोने गूळपाणी आणलं. मी आलो कशाला ते सांगितलं. त्याने सुपारी खाली ठेवली.

"तो जवाब पाहिजे तुला? त्यात तुझी लाज काढलीय मी."

"माहीत आहे. तीच न्यायला आलो."

"दुसरं कडवं तर तुझ्या बायकोने ऐकलं आणि मला वर्षभर शिव्या घातल्या."

"तेपण म्हण."

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, मोबाईलात म्हणणार नाही. चार माणसांत, तुझ्या अंगणात म्हणेन, आणि आधी तू उभा राहून सवाल टाकायचास. बसून नाही. उभा राहून.

गौरी-गणपती पोचवायच्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर तो आला. फेटा बांधून आला. तुरा लावलेला. अंगणात वाडी जमली होती. पुतण्याच्या मंडळातली, गणपतीला आपापल्या गावी आलेली पोरं गोल करून बसली, ढोलकीवाला समोर. मी उभा राहिलो. दम पुरला नाही, दुसऱ्या कडव्याला थांबावं लागलं, पण शेवटचं कडवं मी गाळलं नाही.

मग तो उठला. माझं नाव घेतलं. बापाचं घेतलं. गावाचं घेतलं. खणखणीत. आणि मग :

*खाणीमधला चिरा बोले, ऐका मंडळी नवल काय!*
*दर्या खारा झाला कारण यानेच त्यात धुतले पाय!*

अंगण हसून लोटपोट. सून तोंडाला पदर लावून आत पळाली. ढोलकीवाल्याची ढोलकी थांबली, तोही हसत होता. दुसरं कडवं इथे लिहीत नाही, ते ऐकायला हेदवीला जा.

मी मात्र ताठ उभा होतो. जन्मात इतकी अब्रू गेली नव्हती आणि इतकी मिळालीही नव्हती. हा माणूस घरी जाऊन रात्र-रात्र डोकं खाजवून माझ्यासाठी जवाब जुळवत बसला होता. पारंपरिकाला कोणी जवाब देतं का?

ढोलकीवाला जवळ आला, पायाला हात लावला. "आजोबा, चुकलं."

"तुझं नाही चुकलं. तू ऐकलं तेच सांगितलंस. पुढच्या वेळी कडवं गाळू नको, एवढंच."

पुतण्याने तिथेच मोबाईल काढला. "काका, सांगा, काय लिहू?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. चाल पारंपरिक, तेही लिही म्हटलं, जे खरं ते खरं. तेवढ्यात मागून तुरेवाला बोलला, "आणि जवाब माझा म्हणून लिहा. मी मेल्यावर मला पारंपरिक करू नका."

अंगणातली आम्हा दोघांची पदं पोरांनी टिपली होती, ती आता मोबाईलात एकत्र आहेत. परवा मांडवीला मासळी घ्यायला गेलो, तर कोळीण पाटीवरून हात काढून माझ्याकडे बघत राहिली.

"काय हो, दर्या खारट केलेले ते तुम्हीच ना?"

"होय," मी म्हटलं. "मीच तो."

तिने दोन बांगडे वर घातले. मी नको म्हटलं नाही.