मचाणाआधीची कॉफी

आमच्या घरात अंडं उकडायचं पातेलंसुद्धा वेगळं होतं आणि ते मागच्या बाल्कनीत, झाडूच्या शेजारी पालथं पडलेलं असायचं. अशा घरातला मी दर शरदात एका शिकाऱ्याला त्याच्या बंदुकीसकट जंगलात नेऊन सोडतो, हे पुण्याला आईला सांगितलं तेव्हा तिने ते फोनवर पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तू मारतोस?"

"नाही गं. मी गाडी चालवतो आणि शेजारी बसतो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. ठीक नव्हतं हे आवाजावरून कळत होतं. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. निघायच्या दिवशी फोन आलाच तर फक्त "सावकाश चालव" म्हणते.

शिकारी म्हणजे इथले, नेदरलँड्समधल्या हार्लेममधले माझे शेजारी. निवृत्त गणित शिक्षक. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. ते मला ‘ब्युरमन’ म्हणतात, म्हणजे शेजारी, आणि मीही त्यांना तीच हाक मारतो. इथे वडीलधाऱ्यांनाही सर्रास अरेतुरे करतात, पण ते माझ्या जिभेला जमत नाही. मी डचमध्येसुद्धा त्यांना अहोजाहोच करतो. सुरुवातीला ते हसायचे, आता सवय झाली आहे.

व्हेलुवेच्या जंगलातल्या एका तुकड्यात हरणं मारायचा परवाना त्यांच्याकडे होता. हार्लेमहून सव्वा-दीड तासाचं अंतर. समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर आले की त्यांना रस्ता दिसेनासा होई, म्हणून संध्याकाळी गाडी नेहमी त्यांची बायको चालवायची. मचाणावरही तीच शेजारी बसायची. मग एका वसंतात ती गेली. मुलगा न्यूझीलंडला. त्या वर्षी शरद आला आणि एका दुपारी त्यांनी आमची बेल वाजवून विचारलं, "ब्युरमन, तुला संध्याकाळी वेळ असतो का?"

मी हो म्हटलं. पुण्यात माझ्या आईला डॉक्टरकडे खालच्या मजल्यावरच्या काकू नेतात. कुणाच्या वडलांना कोण नेतं आणि कुणाच्या आईला कोण, याचा मी फार विचार करत बसत नाही. केला तर त्रास होतो.

त्या पहिल्या दिवशी निघण्याआधी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर पांढरा कप होता आणि किटलीत कॉफी. "भर," म्हणाले. मी आपल्याकडे भरतात तसा, काठाखाली बोटभर जागा ठेवून भरला. त्यांनी मान हलवली. "काठोकाठ. आणखी एक थेंब मावणार नाही इतका."

मग त्यांनी तो कप बशीशिवाय उचलला, स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात खिडकीपाशी नेला आणि टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. त्यानंतरच बंदुकीचं कपाट उघडलं.

हे त्यांचं आणि बायकोचं ठरलेलं होतं. कप ती भरायची. सांडला तर त्या दिवशी बंदूक कपाटातच राहायची. "हात हलला की प्राणी जखमी होतो आणि झाडीत जाऊन रात्रभर मरत राहतो," ते म्हणाले. "मी माझा कप स्वतः भरला तर कमी भरीन. शिक्षक होतो, लबाडी कुठे होते ते मला माहीत आहे. म्हणून तू भर. आणि दया दाखवू नकोस."

मला तेव्हा ही म्हातारपणाची हौस वाटली होती. परीक्षा घेतल्याशिवाय या माणसाला चैन पडत नाही, असं मी घरी बायकोला म्हणालोही.

मचाण म्हणजे जंगलाच्या कडेला, एका मोकळ्या गवताळ पट्ट्यावर उभी केलेली लाकडी खोली. चढायला शिडी, बसायला दोघांपुरतं बाकडं, पुढे उघडी खिडकी. बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि फोन गाडीत. पहिल्या वेळी मी डब्यातले मेथीचे पराठे काढले. बायकोने ते अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळले होते. मी फॉइलचं एक टोक उलगडलं मात्र, पट्ट्याच्या पार पलीकडे चरणाऱ्या हरणांच्या माद्यांनी एकदम माना वर केल्या आणि पुढच्या क्षणी पट्टा रिकामा. शेजाऱ्यांनी एक पराठा घेतला, खाल्ला आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चव चांगली आहे. आवाज वाईट." तेव्हापासून पराठे जुन्या मलमलीच्या फडक्यातून येतात.

मला शिकार आवडते असं कुणी समजू नये. पण ते बसणं मला आवडायला लागलं. दिवसभर स्क्रीनसमोर मीटिंगा करणाऱ्या माणसाला काहीही न करता दोन तास बसायला लागणं ही आधी शिक्षा वाटते. मग हळूहळू डोळे कामाला लागतात. उजेड कमी होत जातो तसं गवत आधी पिवळं, मग करडं दिसायला लागतं. मोठ्या शिंगांचा नर दूर झाडीत ओरडतो तेव्हा तो आवाज छातीत जाणवतो. बहुतेक संध्याकाळी ते बंदूक उचलतच नसत. दुर्बीण माझ्या हातात देत, बोटाने दाखवत आणि आम्ही बघत बसायचो.

एकदाच आमचं वाजलं. एक मादी आणि तिचं पाडूस पट्ट्यावर आलं आणि शेजाऱ्यांनी आधी पाडसाला मारलं. मग मादीला. मी शिडीवरून उतरलो ते थेट गाडीकडे गेलो. परतताना मला राहवलं नाही. "आईच्या डोळ्यांदेखत? हा कुठला न्याय?"

ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "या भागातली किती हरणं हिवाळ्याआधी कमी करायची ते ठरलेलं असतं, आणि त्यात माद्याही असतात. आई आधी गेली तर पाडूस मागे राहतं. कळप त्याला विचारत नाही. चाऱ्यावरून हाकलतात. ते थंडीत महिनोन्‌महिने संपत जातं. म्हणून आधी पाडूस, मग आई. एकटं पाडूस मागे ठेवायचं नाही, हा आमचा पहिला नियम. दोन्ही गोष्टी वाईट आहेत, ब्युरमन. मी त्यातली कमी वाईट करतो."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण खाली उतरल्यावर त्यांनी काय केलं ते मी गाडीपाशी उभा राहून बघितलं होतं. त्यांनी टोपी काढली, ओकची एक डहाळी मोडली आणि पाडसाच्या तोंडात ठेवली. दुसरी मादीच्या. आणि तसेच उभे राहिले. इथल्या शिकाऱ्यांत याला शेवटचा घास म्हणतात. बाबा गेले तेव्हा त्यांच्या तोंडात तुळशीचं पान मी ठेवलं होतं. म्हणून मी पुढच्या आठवड्यातही गाडी काढली.

गेल्या शरदात व्हेलुवेहून वनरक्षकाचा शेजाऱ्यांना फोन आला. एका मादीला रस्त्यावर गाडीने उडवलं होतं आणि तिचं पाडूस नेमकं आमच्या मचाणासमोरच्या पट्ट्यावर एकटंच दिसत होतं. थंडी तोंडावर आलेली. ते पाडूस त्यांनी मारावं असं ठरलं. फोन ठेवून ते मला सांगायला आले तेव्हा त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. तो खिशात का असतो हे मला उन्हाळ्यापासून माहीत होतं. कुंपणावरून मला टोमॅटो देताना वाडग्यातले टोमॅटो एकमेकांवर आपटत होते. आम्ही दोघंही त्याविषयी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात किटली उचलली. ते पाठीमागे उभे होते. कप भरत आला आणि माझा हात थांबला. काठाखाली बोटभर जागा होती. एवढी ठेवली असती तर कप खिडकीपर्यंत गेला असता, बंदूक कपाटातून निघाली असती, आणि या माणसाला आणखी एक शरद मिळाला असता. मला ते फार हवं होतं. पण मग ते पाडूस आठवलं, आणि रात्रभर झाडीत मरत राहण्याची ती गोष्ट. मी उरलेली जागा भरली. शेवटचे थेंब काठावर फुगून राहिले.

त्यांनी कप उचलला. ओट्यापासून वळले तोवरच कॉफी त्यांच्या बोटांवरून खाली आली, मग बाहीवर, मग लाकडी फरशीवर. तरीही ते खिडकीपर्यंत चालत गेले आणि कप टेबलावर ठेवला. मी फडकं शोधायला लागलो.

"मी जास्त भरला," मी म्हणालो. "पुन्हा भरतो."

"नाही, ब्युरमन." ते हात पुसत होते. "ती भरायची तसाच भरलास तू."

मग ते खुर्चीत बसले आणि थोडा वेळ रडले. मी तिथेच फडकं घेऊन उभा होतो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं आणि मी ठेवला. रडून झाल्यावर त्यांनी फोन लावला. व्हेलुवेत राहणारी एक तरुण शिकारी बाई होती, तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिला म्हणाले, "आज तू ये. आम्ही फक्त बघायला येतो."

ती पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूच्या मचाणावर बसली, आम्ही आमच्या. बंदूक नसल्यामुळे बाकड्यावर जागा जास्त वाटत होती. उजेड जायच्या बेताला पाडूस बाहेर आलं. बरगड्या दिसत होत्या. ते चार पावलं चालायचं, थांबायचं आणि झाडीकडे तोंड करून बघत राहायचं. शेजाऱ्यांनी माझं मनगट धरलं. गोळीचा आवाज एकच आला आणि पाडूस जागच्या जागी खाली गेलं. त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

आम्ही उतरून तिथे पोचलो तेव्हा ती तरुण बाई टोपी काढून बाजूला उभी राहिली. डहाळी यांनीच ठेवावी म्हणून ती थांबली होती. त्यांनी डहाळी मोडली, गुडघ्यावर बसले, पण हात इतका हलत होता की पानं पाडसाच्या नाकावरच फिरत राहिली. मी खाली बसलो आणि त्यांचा हात माझ्या हातात धरला. दोघांनी मिळून ती ठेवली. पाडसाचं तोंड अजून गरम होतं. आईला हे मी सांगितलेलं नाही.

हिवाळ्यात त्यांनी बंदूक विकली आणि परवाना परत केला. मला वाटलं, आपलं जाणं संपलं. या शरदात झाडं पिवळी झाली आणि मी शनिवारी दुपारी सहज त्यांच्याकडे डोकावलो. कोट घालून तयार बसले होते, गळ्यात दुर्बीण. ओट्यावर तोच पांढरा कप. मी अर्धा भरला आणि टेबलावर नेऊन त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी कपात बघितलं, मग माझ्याकडे. "ब्युरमन," म्हणाले, "भर."

मी किटली आणून तो काठोकाठ भरला. त्यांनी दोन्ही हात कपाभोवती ठेवले. उचलला नाही. खाली वाकून, ओठ काठाला लावून, पहिला घोट घेतला. संपेपर्यंत तसेच वाकून पीत राहिले, आणि मी गाडीची किल्ली हातात धरून समोर उभा होतो.

"पराठे घेतलेस?" त्यांनी विचारलं.

"घेतले. फडक्यात आहेत."

"मग चल. उजेड जाईल."