सान्यालबाबूंची जामीनकी

मुंबईच्या एस.टी.त बसवताना बाबांनी एकच सांगितलं, "सही करशील तिथं आदी वाचून घे." संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीतून परदेशी निघालेला मी पहिलाच. बहारीनला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी सलमाबादच्या कॅम्पात एका इंग्रजी कागदावर न वाचता सही ठोकली. वाचता येत होतं कुठे म्हणा! मी वेल्डर, माझं इंग्रजी रॉडच्या खोक्यावर छापलेलं तेवढंच.

तो कागद मला वाचून दाखवला सान्यालबाबूंनी. कलकत्त्याचे वकील, पण वकिलीत जम बसेना म्हणून आमच्या कंपनीच्या ऑफिसात करारमदार तपासायला आलेले. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीला, इतर साहेब झोपा काढत, हे आमच्या मेसमध्ये बसून प्रत्येकाचं काँट्रॅक्ट हिंदीत समजावून सांगत. आमचा बांगडा मात्र नाक मुरडून खात. मासा म्हणजे नदीचाच, यावर त्यांचं कुणाशीही भांडण व्हायचं.

आता एक कबुली देतो. सत्तरच्या त्या दशकात रजा हवी असली की आम्ही गावाहून तार मागवायचो, 'मदर सीरियस'. इथे आलेल्यांना हे ठाऊक आहे, गावी राहिलेल्यांनी रागावू नये. बहिणीच्या लग्नासाठी मीही आईला असं आजारी पाडलं होतं. वर्षभरानं खरी तार आली, तेव्हा मॅनेजरनं ती उघडलीसुद्धा नाही. "तेरी माँ हर साल मरती है? मफी लीव्ह. खलास!" म्हणजे रजा नाही, विषय संपला.

सान्यालबाबूंनी मला एवढंच विचारलं, "इस बार सच?" मी मान डोलावली. त्यांनी मॅनेजरला लिहून दिलं, 'हा पंधरा दिवसांत परतला नाही तर मला देशी जाऊ देऊ नका,' आणि स्वतःचा पासपोर्ट त्याच्या टेबलावर ठेवला. विमानतळावर सोडणाऱ्या ड्रायव्हरनं मला बाकीचं सांगितलं. बाबूंनी राजीनामा दिला होता. गावाकडे त्यांना निवडणुकीचं तिकीट मिळालं होतं, आणि मी परतायच्या दिवसानंतर अर्ज भरायला जेमतेम तीन दिवस उरत होते.

आई रत्नागिरीला इस्पितळात होती. बाराव्या दिवशीही डॉक्टर काही सांगेनात. मामा म्हणाला, आणखी एक तार ठोक, महिनाभर राहा. खरं सांगतो, मी पोस्टाकडे निघालोही होतो. पण जाण्याआधी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माजं व्हयल ते व्हयल. तुज्यापायी जो अडकून पडलाय त्याला आदी सोडव."

चौदाव्या दिवशी मी कॅम्पच्या गेटात उभा होतो. दुसऱ्या दिवशी सान्यालबाबू गेले. अर्ज भरला गेला, आणि निवडणूक ते सपाटून हरले! पुन्हा कोर्टात उभे राहिले, गावोगाव हिंडले, आणि ऐंशीनंतर आमदार झाले. त्यांनी स्वतः हिंदी पत्रात लिहिलं होतं की विधानसभेतलं पहिलं भाषण त्यांनी परदेशात राबणाऱ्या मजुरांच्या कागदांवर केलं. ते पत्र मी मेसमध्ये तीनदा मोठ्यानं वाचलं. त्या दिवशी कॅम्पात मटण शिजलं, आणि मला वाटत होतं आमदार मीच झालोय.

आई मात्र मी परतल्यावर दोन महिन्यांनी गेली. मी तिथे नव्हतो. ते दुःख आहेच, राहील. बाबांनी पत्रात लिहिलं की शेवटच्या दिवसांत ती माझी चौकशी कमी आणि कधी न पाहिलेल्या त्या बंगाली माणसाचीच जास्त करायची. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "तो येळेत पोचला ना?" घर कुठलं म्हणून मला आता कुणी विचारलं, तर मी वाडीचं नाव सांगत नाही आणि बहारीनचंही नाही. जिथे एका परक्या माणसासाठी हे विचारलं गेलं, त्या घरचा मी आहे.