स्क्रीन पिवळी मारतेय

दुपारची वेळ होती. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी काउंटरमागं बसून डबा खात होते. तेवढ्यात एक पोरगी आत आली, तिनं पिशवीतून एक टॅब काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "याचं लॉक उघडून मिळेल का?" पिंपळे सौदागरात मोबाइलचं दुकान चालवायचं म्हणजे असलं वाक्य ऐकलं की आधी संशयच येतो. लॉक उघडून मागणारा माणूस त्या वस्तूचा मालक असतोच असं नाही. त्यात तो टॅब मी ओळखला. कव्हरच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग, पेन अडकवायला बाजूला शिवलेली कापडी पट्टी... हा तर गायकवाडकाकांचा! मी डबा बाजूला सारला, टॅब आपल्याकडं ओढला आणि चांगल्या चढ्या आवाजात विचारलं, "हा कुठून आणला तू?" पोरगी बिचकली नाही. म्हणाली, "बाबांचा आहे. मी प्रज्ञा. बाबा गेले... पंधरवडा झाला. झोपेतच गेले." चोर म्हणून जिच्यावर ओरडले, तिलाच मग मी स्टूल दिलं, पाणी दिलं.

गायकवाडकाका दापोडीचे. सगळी नोकरी चाकणकडच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये, रंग तपासायच्या कामावर. गाडीच्या भागांना रंग बसला की तो ठरलेल्या शेडशी जुळतो का, हे डोळ्यांनी बघायचं आणि पास म्हणायचं किंवा परत पाठवायचं. रिटायर झाले तेव्हा सोबतच्यांनी त्यांना कॅमेरा भेट दिला आणि माणूस त्या कॅमेऱ्याच्या मागंच लागला. गल्लीतली बारशी, लग्नं, विहारातले कार्यक्रम, नदीकाठचे बगळे, कासारवाडी स्टेशनातली भजीवाली... काही सोडलं नाही. फोटो काढायचे, फोनवर त्यांचे रंग नीट करायचे आणि छापून लोकांना फुकट वाटायचे. फोनच्या एवढ्याशा काचेवर डोळे दुखतात, म्हणून त्यांना टॅब पाहिजे होता. एवढी साधी गोष्ट! दुसरा कुणी असता तर अर्ध्या तासात घेऊन गेला असता.

पण काकांचा स्वभाव म्हणजे कुणावर म्हणून विश्वास नाही. पहिल्या दिवशी आले, मी चांगल्यातला टॅब दाखवला, तर त्यांनी खिशातून मेमरी कार्ड काढलं आणि म्हणाले, "तुमचे फोटो नको. मोर, फुलपाखरं सगळीकडं छानच दिसतात. माझा फोटो लावा." फोटो होता विहाराच्या गच्चीवरच्या पंचशील ध्वजाचा, कॅमेऱ्यातनं आला तसाच, रंगांना हात न लावलेला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. पाचही रंग एका फोटोत, आणि पाचही त्यांना जन्मापासून पाठ. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, टॅब तिरपा धरला, दारात उजेडाला नेला आणि परत आणून ठेवला. "स्क्रीन पिवळी मारतेय," म्हणाले. पेंट शॉपची भाषा ही. शेड पिवळी मारते, लाल मारते असं तिथं म्हणतात, माझ्या नवऱ्याकडून मला माहीत होतं. तो पण चाकणलाच शिफ्टला जातो. मी म्हटलं, "काका, कुठं पिवळी? पांढरी शुभ्र तर आहे." त्यावर शांतपणे म्हणाले, "परत बघा, ताई." हे त्यांचं ठरलेलं. कुणी काही सांगितलं की परत बघा.

त्यानंतर दर आठवड्याला हजर. आज हा टॅब, उद्या तो. एकात कार्ड घालायची जागा नाही म्हणून नापास, एकाचं पेन उशिरा उमटतं म्हणून नापास, एकाची काच आरशासारखी चमकते, स्वतःचंच तोंड दिसतं म्हणून नापास. ती कारणं मला पटायची, खरं सांगते. ज्याला फोटो नीट करायचेत त्यानं हे बघायलाच पाहिजे, चार पैसे जास्त गेले तरी. पण शेवटी गाडी यायची ती पिवळ्यावरच. एकदा तर मला सरळ म्हणाले, "रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन पिवळी करायचा मोड असतो ना, तो तुम्ही मुद्दाम चालू ठेवलाय. म्हणजे माणूस वैतागून महागातला घेईल." माझं डोकंच फिरलं. मी सेटिंग उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं, मोड बंद होता. तरी काका म्हणतात, "आता केला असेल बंद." आता बोला!

मग माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. हा माणूस घेत तर काहीच नाही, नुसता येतो, सगळ्या टॅबांना कार्ड लावतो, निघून जातो. कार्डात काही व्हायरस-बियरस? की पलीकडच्या दुकानवाल्यानं पाठवलाय? मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "लक्ष ठेव. असली साधी दिसणारी माणसंच लई बेरकी असतात." मग मी काकांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला लागले. ते टॅबकडं संशयानं बघायचे, मी त्यांच्याकडं. त्यांनाही ते कळत असणार, कारण एकदा जाताना खिसे उलटे करून दाखवले आणि हसले. मला काही हसू आलं नाही. चौकशी केली तर पिंपरीच्या दोन दुकानांतही काकांची हीच कथा निघाली, तिथंही सगळे टॅब पिवळे मारत होते. तिथल्या पोरांनी तर त्यांना 'पिवळे काका' असं नाव पाडलं होतं. हे ऐकून मला का कोण जाणे, राग आला. आपल्या दुकानातल्या माणसाला आपण काही म्हणावं, दुसऱ्यांनी का म्हणावं?

एक दिवस मीच चिडून म्हटलं, "काका, फोटोचं सोडा. फोटोच चुकला असेल. खरा ध्वज घेऊन या, स्क्रीनशेजारी धरू, एकदाचा निकाल लागू दे." काका पुढच्या वेळी खरंच आले. विहारासाठी नवा ध्वज घ्यायचाच होता, तो घेऊन स्वच्छ पंच्यात गुंडाळून आणला होता. दोन्ही हातांनी उलगडला. दुकानातच काय, रस्त्यावरच्या माणसाचंही लक्ष जावं असे झळझळीत रंग! खळीचा वास येत होता, घडी मोडलेली नव्हती. काकांनी ध्वजाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "फसवलं त्यानं. जुना माल दिलाय. हे बघा, पांढरा पट्टा पिवळट पडलाय, निळा मळकट झालाय." मी ध्वजाकडं बघितलं. पांढरा दुधासारखा पांढरा होता. परत बघितलं. आणि खोटं कोण बोलतंय ते मला एकदम कळलं. टॅब खोटं बोलत नव्हते, कापडवाला नाही, मीही नाही.

पण सांगायचं कसं? ज्या माणसानं आयुष्यभर फक्त डोळ्यांच्या जिवावर पास-नापास ठरवलं, त्याला काउंटरमागच्या बाईनं सांगायचं की काका, तुमची नजर गेली? मला धीर झाला नाही. मी एवढंच म्हटलं, "काका, एक डोळा झाका आणि बघा. मग दुसरा." त्यांनी उजवा झाकला. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा... बराच वेळ हे चाललं होतं, मी कॅल्क्युलेटरशी उगाच चाळा करत उभी होते. शेवटी ते म्हणाले, "दोन्हींची शेड वेगळी आहे." आणि ध्वजाची घडी घालायला लागले. घडी नीट बसेना. मी पुढं होऊन दुसरं टोक धरलं, तेव्हा खाली बघतच म्हणाले, "मला संशय होता, ताई. कंपनीतल्या शेवटच्या दिवसांतच आला होता. म्हटलं, एवढ्या दुकानांतनं एक जरी टॅब माझ्या बाजूनं बोलला, तर डोळा ठीक आहे म्हणायचं." मग मला समजलं, हा माणूस टॅब बघायला येतच नव्हता.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, एकात जास्त. ज्यात जास्त, त्याचं ऑपरेशन झालं आणि काळा चष्मा लावून काका रिक्षानं थेट दुकानात. आत येताच म्हणाले, "लावा तो फोटो." मी लावला. चष्मा काढून बघत राहिले आणि लहान पोरासारखे ओरडले, "केवढा निळा आहे हो हा!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हटलं, रडू नका, डॉक्टर रागावतील, तर म्हणे हे औषधाचं पाणी आहे. त्या दिवशी त्यांनी टॅब घेतला. कुठला? मी पहिल्या दिवशी पहिला दाखवला होता, तोच! कार्ड घालायची जागा असलेला, पेन चटकन उमटणारा. टॅबचं लॉक लावताना मला म्हणाले, "तिकडं तोंड करा." मी केलं. दोनदा लॉक विसरून परत आले, तेव्हा शेवटी माझ्यासमोरच बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुम्ही लक्षात ठेवा. घरी सांगू नका." मी हसले. म्हटलं, पास झाले मी एकदाची.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, घोळ पुढंच होता. नव्या डोळ्यानं काकांनी आपलेच जुने फोटो टॅबवर उघडले आणि कपाळाला हात लावला. पिवळट दिसतंय म्हणून त्यांनी इतकी वर्षं प्रत्येक फोटोत निळा ओतला होता. बारशाची बाळं निळी, भजीवाली निळी, भजीसुद्धा निळी. गल्लीत कुणीतरी म्हणालं होतं, "काका, आमी फोटोत गारठल्यावानी का दिसतो?" तेव्हा काकांनी त्याच्या घरातल्या ट्यूबलाइटला नावं ठेवली होती. बाकीच्यांनी चुपचाप फोटो भिंतीला लावले. काका मग एकेक फोटो दुरुस्त करायला बसले. नवे छापायचे, घरोघर जाऊन जुना काढून नवा लावायचे. कुणी म्हणालं राहू द्या की काका, तर म्हणायचे, "नापास माल भिंतीवर ठेवायचा नसतो." पेनचं टोक झिजलं म्हणून ते बदलायला आले, ती आमची शेवटची भेट.

हे सगळं मी प्रज्ञाला सांगत नव्हते, ते नुसतं माझ्या डोक्यात फिरत होतं. ती स्टुलावर बसून टॅबकडं बघत होती. म्हणाली, "ताई, मला तो विकायचा नाही. आत काय आहे तेही नको. फक्त माझ्या लग्नाचा फोटो बघायचाय. तो दुरुस्त केला की नाही, एवढंच." लग्नात काकांनी बाहेरच्या माणसाला फोटो काढू दिलेच नव्हते, नवरीला पीठ लावल्यासारखी करतात म्हणून. आमच्याकडं नवरी पांढऱ्या साडीत असते, ती सांगत होती, आणि बाबांच्या फोटोत साडी निळी. सासरी अजून चेष्टा होते. "मी बाबांना कधी बोलले नाही. पण ऑपरेशननंतर त्यांनी अख्ख्या गल्लीचे फोटो नीट केले, भजीवालीचा केला. माझा आणून दिला नाही. का नाही दिला, ते डोक्यातून जात नाही माझ्या."

मी टॅब माझ्याकडं वळवला, लॉक उघडलं, तिला दिसू न देता. काकांना दिलेला शब्द होता, गेले म्हणून काय झालं? फोटो सापडला. प्रज्ञा हार घालून उभी, हसतेय, आणि साडी निळीच. हात लावलेला नव्हता. "म्हणजे नाहीच केला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पण मान वळवली. तेव्हा मला सांगावंच लागलं. पेनचं टोक बदलायला आले होते तेव्हा मीच विचारलं होतं, काका, घरचे फोटो झाले का? तर म्हणाले होते, "पोरीचा शेवटी. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की. एका डोळ्यावर माझा विश्वास नाही. बाकीच्यांचा चुकला तर ते मला हसतील तरी. पोरगी बोलायची नाही. मागच्या वेळीही बोलली नाही."

प्रज्ञानं तोंडाला ओढणी लावली. मी तिला रडू दिलं, शटर अर्धं खाली ओढलं. थोड्या वेळानं म्हटलं, "पांढरी करून देऊ का गं साडी? एवढंसं काम आहे." तिनं टॅब मांडीवर घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, साडीच्या पदरापाशी थांबली. "नको ताई," म्हणाली. "एवढी निळी केली तेव्हा कुठं बाबांना मी पांढऱ्या साडीत दिसले."

ती टॅब घेऊन गेली. माझ्या दुकानातल्या डेमोच्या टॅबवर मात्र काकांचा ध्वजाचा फोटो अजून आहे. कंपनीचा माणूस येतो तेव्हा मोर लावायला सांगतो, मी हो म्हणते आणि लावत नाही. सकाळी दुकान उघडलं की झाडू मारायच्या आधी मी तो टॅब चालू करते, उजवा डोळा झाकून बघते, मग डावा. निळा निळा आहे, पांढरा पांढरा आहे. मग परत बघते.